आधी नक्कल, मग उजाळा

ताईच्या लग्नाची डीव्हीडी दुसऱ्या मंगलाष्टकालाच अडकायला लागली, तेव्हा मी खडबडून जागा झालो. लग्न २००६ चं. फोटोग्राफरनं टेपवर चित्रीकरण केलं, ते डीव्हीडीवर उतरवून दोन प्रती दिल्या आणि टेप पुढच्या कुणाच्या तरी लग्नाला वापरली. ताईकडची प्रत दोन घरबदलांत हरवली. उरली ती आईच्या कपाटातली, पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, साड्यांच्या घडीखाली. खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली तर खालच्या जांभळट बाजूला कडेपासून बोटभर आतपर्यंत रंग विरलेला दिसला.

त्या दिवसापासून दीड वर्षात मी घरातल्या जवळजवळ दोनशे डीव्हीडी आणि व्हीसीडी संगणकावर उतरवल्या. त्यात विकत घेतलेले सिनेमे आणि नाटकं होती, तशी बारशी, मुंजी आणि गॅदरिंगही होती. काहींचं चित्र सुधारून घेतलं, पुष्कळांना हात लावला नाही. या कामात खरं महत्त्व क्रमाला आहे. चकतीवर जे आहे ते आधी जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. चित्र मोठं आणि स्पष्ट करण्याचा विचार त्यानंतर, आणि तोही त्या मूळ नकलेला धक्का न लावता. हा क्रम उलटा केलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याकडे आज मूळही नाही आणि सुधारलेलंही धड नाही.

सुरुवात कुठून करायची, हे चकती कोणत्या जातीची आहे त्यावर ठरवा. दुकानातून आणलेली सिनेमाची डीव्हीडी कारखान्यात साच्यातून छापलेली असते. तिची खालची बाजू चंदेरी दिसते, आत ॲल्युमिनियमचा थर असतो, आणि नीट ठेवली तर ती बरीच वर्षं टिकते. लग्नाची, शाळेच्या कार्यक्रमाची डीव्हीडी मात्र ‘राइट’ केलेली असते. तिच्यात सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेसरनं त्या रंगावर खुणा उमटवलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा लागली की हा रंग बिघडतो. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे उघड्या पाकिटात काढलेली चकती कशी होते, हे तुम्ही कपाट उघडून बघाच. म्हणून घरगुती चित्रीकरणाच्या डीव्हीडी सगळ्यात आधी. मग बाजारात आता न मिळणारी नाटकं आणि जुने मराठी सिनेमे. ओटीटीवर सहज दिसणारे हिंदी सिनेमे सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच केले तरी चालेल.

नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो, तेव्हा यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर लागतो. तो संगणकाच्या यूएसबीलाच थेट लावा. चार तोंडांच्या स्वस्त हबला लावला तर वीज कमी पडते, ड्राइव्ह मधेच थांबतो आणि आपण उगाच चकतीला दोष देतो. ओळखीच्या कुणाकडे जुना डेस्कटॉप असेल तर त्यातला ड्राइव्हही हाताशी ठेवा. एका ड्राइव्हनं नाकारलेली चकती दुसरा ड्राइव्ह निमूट वाचतो, हे मी किमान दहा वेळा अनुभवलं आहे.

चकती आत घालण्यापूर्वी पुसायची. पुसणं म्हणजे बनियनच्या टोकानं गोल गोल घासणं नव्हे. चकतीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल वाटेवर, गोलाकारातच लिहिलेली असते. गोल पुसताना एखादा कण अडकून ओरखडा पडला तर तो त्या वाटेच्या बाजूनंच लांबपर्यंत जातो आणि सलग माहिती खातो. आडव्या ओरखड्यातून मात्र ड्राइव्ह निभावून नेतो, कारण चुका दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती चकतीवर लिहिलेली असते. म्हणून चष्म्याचं मऊ कापड घ्यायचं आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेघा ओढत पुसायचं. बुरशीचे ठिपके असतील तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून बोटांच्या पेरांनी हलकेच धुवायचं आणि पाणी टिपून सावलीत वाळवायचं. वरच्या बाजूला कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर ते ओढून काढू नका. डीव्हीडी दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते, आणि लेबलाबरोबर वरची चकती उचकटली तर काम तिथेच संपलं.

आता उतरवणं. डीव्हीडी उघडली की आत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर दिसतं आणि त्यात एक-एक जीबीच्या आतल्या व्हीओबी फाइली. पुष्कळ जण या फाइली तशाच कॉपी करतात. घरगुती चकतीसाठी हे वाईट नाही, पण चित्रपट तुकड्यांत राहतो आणि प्रकरणांच्या खुणा हातच्या जातात. त्यापेक्षा मेकएमकेव्ही वापरा, डीव्हीडीसाठी ते फुकट आहे. चकतीवरचं चित्र, सगळे आवाज, सबटायटल आणि प्रकरणं ते एका एमकेव्ही फाइलमध्ये बांधतं. चित्र पुन्हा दाबत नाही, म्हणजे दर्जात तसूभर फरक पडत नाही. साधारण चकतीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. एक खबरदारी घ्या: दोन मिनिटांपेक्षा छोटे तुकडे हे सॉफ्टवेअर मुळात गाळतं. सिनेमाला ते ठीकच, पण बारशाच्या डीव्हीडीत पाळण्याचं गाणं दीड मिनिटाचं असेल तर ते गुपचूप वगळलं जाईल. सेटिंगमध्ये जाऊन ती मर्यादा दहा सेकंदांवर आणा.

परदेशातून आलेली डीव्हीडी घातल्यावर ड्राइव्हचा रीजन बदलायचा का, असा प्रश्न संगणक विचारेल. भारत रीजन ५ मध्ये आहे आणि अमेरिका १ मध्ये. ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, नंतर तो कायमचा पक्का होतो. तेव्हा घाईनं ‘हो’ म्हणू नका. व्हीएलसी आणि मेकएमकेव्ही बहुतेक वेळा रीजन न बदलताही काम करतात.

व्हीसीडीचं प्रकरण वेगळं. तिच्यात ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमध्ये डीएटी फाइल असते. ती सरळ कॉपी करायची, व्हीएलसीत चालते. एका सीडीवर सव्वा तासाच्या आसपासच मावायचं, म्हणून सिनेमा दोन-तीन सीडींचा असे. तुकड्यांना १, २, ३ असे क्रमांक आत्ताच द्या, नंतर ते शोधणं कंटाळवाणं होतं.

चकती पूर्णपणे आंधळी झाल्यासारखी वाटली, म्हणजे संगणक ती ‘रिकामी’ म्हणून दाखवत असेल, तर ती खरोखर रिकामी असेलच असं नाही. डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा डीव्हीडीच्या कॅमेऱ्यात केलेली चकती शेवटी ‘फायनलाइज’ करावी लागायची, आणि पुष्कळांनी ते केलंच नाही. मूळ यंत्र घरात असेल तर त्यात घालून फायनलाइज करून बघा. नसेल तर आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर अशी चकती वाचू शकतं. आणि चकती मधेच अडकत असेल, तर लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. त्याची पद्धत मला फार आवडते. पहिल्या फेरीत ते चांगला भाग भराभर उचलून घेतं, वाईट जागा नोंदवून ठेवतं आणि मग त्या जागांकडे पुन्हा पुन्हा परत येतं. नोंदीची फाइल जपलीत तर उद्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये तीच चकती घालून फक्त राहिलेल्या जागा वाचता येतात. ताईची डीव्हीडी मी तीन ड्राइव्हमधून, चार रात्री फिरवली. शेवटी पाठवणीतली काही सेकंदं तेवढी गेली, बाकी सगळं हाती लागलं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली खासगी वापरासाठी ‘उचित वापरा’ला जागा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम ६५अ नं, हक्कांचा भंग करण्याच्या हेतूनं संरक्षक कुलूप तोडणं गुन्हा ठरवलं. म्हणजे विकत घेतलेल्या आपल्या चकतीची घरात पाहण्यासाठी केलेली प्रत ही एक गोष्ट, आणि ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं किंवा पेनड्राइव्हवर भरून विकणं ही पूर्ण वेगळी. दुसरी करू नका. अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी ध्यानात ठेवावं की तिथला १९९८ चा कायदा अधिक कडक आहे, तो कुलूप तोडण्यालाच हरकत घेतो. घरच्या लग्नाच्या चकतीला कुलूपच नसतं, त्यामुळे तो प्रश्न तिथे येत नाही.

सगळ्या चकत्यांची एमकेव्ही नक्कल झाली की एक फोल्डर करा, त्याला ‘मूळ’ नाव द्या, आणि इथून पुढे त्यातल्या एकाही फाइलवर काम करायचं नाही. जे करायचं ते प्रतीवर.

चित्र सुधारायला बसण्याआधी ते बिघडलेलं का दिसतं हे समजून घ्यायला हवं. कारण बहुतेक वेळा दोष कमी पिक्सेलचा नसतोच. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीचं चित्र ७२०×५७६ असतं, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकी एनटीएससीचं ७२०×४८०. भारतात विकल्या गेलेल्या अनेक सिनेमांच्या डीव्हीडीसुद्धा परदेशातली गिऱ्हाइकं धरून एनटीएससीतच निघाल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक फाइल आधी तपासा. व्हीएलसीत ‘कोडेक माहिती’ उघडली की आकडे दिसतात.

यातली पहिली गफलत रुंदीची. डीव्हीडीचे पिक्सेल चौकोनी नसतात. जुन्या टीव्हीच्या आकाराचं, ४:३ चं चित्र दाखवताना ७२०×५७६ चं ७६८×५७६ करायचं असतं, आणि रुंद, १६:९ चं असेल तर १०२४×५७६. ही खूण फाइलमध्ये असते, पण रूपांतर करताना हरवू शकते. मी सुरुवातीला आळस करून एका स्टुडिओत मुंजीची डीव्हीडी पेनड्राइव्हवर करायला दिली होती. परत आली ती मोठ्या टीव्हीवर काठोकाठ भरेल अशी ताणून. बटू, भटजी, माझे वडील, सगळे आडवे पसरलेले आणि चौरंग लंबुळका. मूळ चकती त्यांच्याकडून परत घेतली होती म्हणून वाचलो. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर दिसू द्या. माणसं माणसांसारखी दिसली पाहिजेत.

दुसरी गोष्ट इंटरलेसिंगची, आणि माझ्या मते अर्धी लढाई इथेच आहे. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यानं फ्रेम एकसंध टिपलेली नसते. आधी एकाआड एक ओळी, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या राहिलेल्या ओळी, असं ते चित्र दोन हप्त्यांत येतं. जुन्या काचेच्या टीव्हीवर ते गुळगुळीत दिसायचं. आजच्या पडद्यावर दोन्ही हप्ते एकत्र दाखवले की हलणाऱ्या गोष्टींच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. लग्नात अक्षता टाकणारा हात बघा, लगेच कळेल. लोक याला ‘जुनं, खराब शूटिंग’ म्हणतात आणि थेट एआयकडे धावतात. एआय मग ते दातही मन लावून स्पष्ट करतं.

यासाठी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात सिनेमाची फाइल असेल तर ‘डीकॉम्ब’ चालू ठेवा. तो जिथे दात दिसतील तिथेच हात लावतो. सिनेमा मुळात सेकंदाला २४ अखंड फ्रेमचा असतो, पालवर तो २५ च्या वेगानं पळवतात, म्हणूनच अडीच तासांचा सिनेमा डीव्हीडीवर सहा मिनिटं लवकर संपतो. त्यात दात असण्याचं कारण सहसा नसतंच. कॅमेऱ्यावर टिपलेलं लग्न किंवा नाटक असेल तर ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ निवडून त्यातला ‘बॉब’ पर्याय घ्या आणि फ्रेमरेट ५० ठेवा. मग दोन्ही हप्त्यांची स्वतंत्र फ्रेम होते आणि हालचाल मूळ टीव्हीवर दिसायची तशीच वाहती राहते. २५ वर ठेवलंत तर निम्मी हालचाल टाकून दिल्यासारखं होतं, आणि लावणी किंवा फुगडी पाहताना तो फरक डोळ्यांना टोचतो. दर्जाचा आकडा एक्स२६४ साठी १८ च्या आसपास ठेवा. हा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. आवाज मात्र आहे तसाच पुढे पाठवा, त्याला दाबू नका. आणि चित्र पुढे-मागे थरथरत असेल तर ओळींचा क्रम उलटा धरला गेला आहे. टेपवरून उतरवलेल्या चकत्यांत हे होतं, तिथे क्रम बदलून दहा सेकंदांचा नमुना काढून बघा.

एवढं केलेली फाइल टीव्हीवर लावा आणि मगच पुढचं ठरवा. तुमचा टीव्ही छोटं चित्र स्वतःच मोठं करतो, आणि बऱ्यापैकी करतो. माझ्या संग्रहातल्या दोनशेपैकी जवळजवळ दीडशे मी इथेच थांबवल्या.

आता उरलेल्यांचं. ७२०×५७६ चे पिक्सेल मोजले तर चार लाख चौदा हजारांच्या घरात जातात. फुल एचडीचे वीस लाख त्र्याहत्तर हजार, म्हणजे बरोबर पाचपट. ४के म्हणजे वीसपट. याचा अर्थ एचडी करताना पाचातले चार आणि ४के करताना वीसातले एकोणीस पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं. साधी वाढ शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढते, एआय मात्र आजवर पाहिलेल्या लाखो चित्रांवरून ‘इथे काय असावं’ हे ठरवतं. भिंत, झाडाची पानं, पैठणीचा काठ, यांत तो अंदाज छान जमतो. चेहऱ्यात जमेलच असं नाही.

हे मला आजीमुळे कळलं. ताईच्या लग्नात आजी मांडवात मागच्या रांगेत बसली होती, तिचा चेहरा पडद्यावर जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा. सगळी फाइल मी ४के करायला लावली, चेहरे सुधारणारं मॉडेल निवडलं. सकाळी उठून लावलं तर तोरणातली आंब्याची पानं मोजता येत होती, ताईच्या मुंडावळ्या लखलखत होत्या. आई शेजारी बसून बघत होती. मागची रांग आली तेव्हा तिनं पडदा थांबवायला सांगितला आणि विचारलं, ‘‘अरे, ह्या कोण?’’ आजीच्या जागी चाळीशीची कुणी तरी गुळगुळीत बाई बसली होती. नथ गालावर विरघळली होती, सुरकुत्या नव्हत्या, डोळे दुसऱ्याच कुणाचे तरी होते. मूळ फाइल लावली. अंधूक चित्रात, मान किंचित डावीकडे कलती धरून, आजी होती. ती ४के फाइल मी त्याच दिवशी पुसून टाकली.

म्हणून माझे नियम आता असे आहेत. घरगुती चित्रण १०८० च्या पुढे न्यायचं नाही, म्हणजे ४:३ असेल तर १४४०×१०८०. चेहरे ‘सुधारण्याचा’ पर्याय बंद. गोंगाट कमी करण्याची मात्रा सगळ्यात हलकी, कारण दाणेदारपणा पुसला की त्वचा मेणासारखी दिसते. आणि दातांचं काम आधी संपवूनच फाइल एआयकडे द्यायची. सॉफ्टवेअर म्हणाल तर पैसे मोजायची तयारी असेल त्यांना टोपाझ, नसेल त्यांना व्हिडिओ२एक्स. दुसरं मोफत आहे आणि रिअल-ईएसआरगॅनसारखी मॉडेलं वापरतं. दोन्हींना बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. वेळेचा हिशेब आधी करा. अडीच तासांच्या नाटकात सेकंदाला २५ प्रमाणे सव्वादोन लाख फ्रेम होतात. संगणक सेकंदाला दहा फ्रेम करत असेल तर सव्वासहा तास, आणि फ्रेमरेट ५० असेल तर त्याच्या दुप्पट. म्हणून आधी एक मिनिटाचा तुकडा कापा, ज्यात एक जवळचा चेहरा, एक दूरची गर्दी आणि एक झपाट्याची हालचाल असेल. तो तीन वेगवेगळ्या मॉडेलांतून काढा आणि संगणकाच्या पडद्यावर नव्हे, जिथे बघणार त्या टीव्हीवर, नेहमीच्या अंतरावरून बघा. देवनागरी अक्षरांकडे मुद्दाम लक्ष द्या. श्रेयनामावलीत जोडाक्षरं आणि रफार मोडून नवीनच लिपी झालेली मी पाहिली आहे. तसं झालं तर नामावलीचा भाग साध्या वाढीनं वेगळा काढून जोडता येतो.

व्हीसीडीच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिचं चित्र ३५२×२८८, म्हणजे डीव्हीडीच्या पावपट, आणि तेही फार दाबलेलं. एआयला तिथे धरायला काही नसतं. सिनेमा प्रिय असेल तर त्याची डीव्हीडी शोधा. त्या सिनेमाची चांगली प्रत हक्कधारकानं यूट्यूबवर टाकली असेल तर तीच बघा, तुमच्या खटपटीपेक्षा ती सरस असेल.

जागेचं गणित सोपं आहे. साडेचार-पाच जीबीची एक चकती धरली तर एका टीबीत दोनशे बसतात. पण एकाच हार्ड डिस्कवर भरवसा ठेवणं म्हणजे दोनशे चकत्या एकाच पिशवीत घालून एसटीच्या टपावर ठेवणं. दोन डिस्क घ्या. ‘मूळ’ फोल्डर दोन्हींवर ठेवा आणि एक दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा मुलीकडे राहू द्या. घरच्या चित्रीकरणांची तिसरी प्रत क्लाउडवर असावी. सिनेमांना तेवढी गरज नाही. नाव देताना वर्ष आधी लिहा, ‘२००६ ताईचं लग्न सकाळ’, म्हणजे फाइली आपोआप क्रमानं लागतात. टीव्हीवर सगळा संग्रह पोस्टरसकट दिसावा असं वाटत असेल तर जेलीफिन हे मोफत सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर टाका.

आणि एक काम संगणकाशिवायचं. लग्नाची फाइल तयार झाल्यावर मी दोन संध्याकाळी आईबरोबर वही घेऊन बसलो. ती सांगेल तिथे थांबवायचं, वेळ लिहायची आणि नाव लिहायचं. निळ्या फेट्यातले ते दापोलीचे काका. पंगतीत जिलबी वाढणारा हा शेजारचा मुलगा, आता कुठे असतो कोण जाणे. ती वही टाइप करून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, त्याच नावानं, व्हिडिओच्या शेजारी ठेवली आहे. मूळ डीव्हीडी नव्या कडक डबीत उभी ठेवली, डबीत सिलिका जेलची पुडी टाकली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात, भिंतीपासून दूर ठेवून दिली. दिवाळीची साफसफाई निघते तेव्हा पुडी बदलतो, दोन्ही डिस्क जोडतो आणि दोन-चार फाइली मधूनमधून चालवून बघतो. आईला मागची रांग लागते, तेव्हा ती फाइल दरवर्षी त्यात असतेच.